पाच बोटांचा खून

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
९ मार्च १९८६

चि. रेखास,
जयभीम.

हे पत्र तू न फोडता परत पाठवशील अशी शंका आहे, म्हणून पाकिटावर देवानंदचं नाव घातलं आहे. भावाची पत्रं तू फोडतेस, हे मला ठाऊक आहे. साडेसात वर्षं मी तुला लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस. आता लिहितोय ते माया उतू आली म्हणून नव्हे. मला एक साक्षीदार हवा आहे, आणि ज्याला माझ्याबद्दल जराही प्रेम नाही असा साक्षीदार कोर्टात सगळ्यात चांगला ठरतो.

या घरात मला मारायचा प्रयत्न चालला आहे. मारणारी तुझी वहिनी विनीता आहे. तू तिला फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलं आहेस, त्यामुळे तुझं मत तिच्या बाजूनेही नसेल आणि विरुद्धही नसेल.

मी नोव्हेंबरात इथे आलो. घर लाकडी, दोन मजली, मला वरची खोली. देवानंद सकाळी सातला त्याच्या प्रयोगशाळेत जातो. विनीता गावच्या पब्लिक लायब्ररीत काम करते, तिची वेळ दुपारची. म्हणजे सकाळी घरात ती आणि मी. आल्या आल्या दोघांनी मला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नागपुरात कोणतं औषध घेत होता? मी म्हटलं, बर्डीवरच्या आमच्या डॉक्टरांची गोळी. त्या म्हणाल्या, नाव काय? आता पुडीतल्या गोळीला नाव कुठलं? श्रीराम कंपाउंडर चौदा वर्षं कागदाच्या पुडीत बांधून देतोय, वर पेन्सिलीने लिहितो, 'साहेब, सकाळी १'. पांढरी, बारीक गोळी. एवढीच तिची ओळख.

परत येताना गाडीत देवानंद म्हणाला, "बाबा, लेबल नसलेलं मेडिसिन इथे चालत नाही. ते सगळं थ्रो करा." टाकून दिलं, असं मी दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. टाकलेलं नाही. माझ्या लंडनच्या नोट्सचा पत्र्याचा डबा तुला आठवत असेल, त्यात नोट्सखाली पुड्या आहेत. जानेवारीत प्रल्हाद नागपूरहून आला तेव्हा आणखी तीस पुड्या घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, अजून मला सर म्हणतो, प्रश्न विचारत नाही.

आता विनीताचं. तिने एक प्लॅस्टिकची डबी आणली आहे, सात कप्प्यांची, प्रत्येक कप्प्यावर वाराचं अक्षर. रविवारी ती त्यात माझ्या गोळ्या भरते. रोज सकाळी एक पिवळी गोळी हातावर ठेवते आणि मी ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. "बाबा, घेतली ना? पाणी घ्या अजून." मग मनगट धरते, घड्याळाकडे बघते आणि सोडते. ही कसली रीत?

फेब्रुवारीपासून माझी भूक गेली. अन्न समोर आलं की मळमळतं. आणि नजरेला काहीतरी झालं आहे. परवा इस्त्री करून आलेला माझा पांढरा शर्ट पिवळा. मी तिला म्हटलं, मशिनमध्ये कशाबरोबर टाकलास? तर म्हणे, "बाबा, व्हाइट आहे तो. प्युअर व्हाइट." मी साध्या शब्दांत बोललो. तुझी आई त्या दसऱ्याला तुला साडीवरून बोलली, तसा आवाज चढवला नाही.

हे पत्र आणि पुढची सगळी जपून ठेव. माझं काही झालं तर तू ती इथल्या पोलिसांकडे पाठवायची. कायदा मी पुढच्या पत्रात समजावतो. तू शाळेत गणित शिकवतेस, तुला पायऱ्या कळतात.

तुझा,
शंकरराव


वेस्ट विंडसर
३० मार्च १९८६

चि. रेखास,
जयभीम.

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पाकीट परत आलेलं नाही, तेवढं पुरे.

नागपूरच्या लॉ कॉलेजात माझ्या एका तासाला मुलं 'पाच बोटांचा खून' म्हणायची. दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन मागे उभी राहायची. मी हात वर करायचो आणि एकेक बोट मिटत जायचो. पाचही मिटली, मूठ झाली, तर खून. एक जरी उभं राहिलं, तर आरोपी खुनातून सुटला. मी लंडनला शिकलो तेव्हा आमच्या सरांच्या पुस्तकात हे पाच मुद्दे होते, बोटं माझी.

इथे न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा आहे. तो मी वाचला नाही आणि या वयात वाचणार नाही. मी मुळावर जातो, इंग्लिश कायद्यावर. आपला पीनल कोडही तिकडूनच आला.

करंगळी: बेकायदा ठार मारणं. कृत्य हवं. नुसतं मनात आणून भागत नाही. आणि न करणं म्हणजे करणं नव्हे. कुणी पाण्यात बुडतोय आणि परका माणूस काठावरून बघत बसला, तर तो नीच आहे, खुनी नाही. विनीता तर करते आहे. रोज सकाळी आठ वाजता, स्वतःच्या हाताने. करंगळी मिटली.

अनामिका: ज्याला मारलं तो जन्मलेला, जिवंत माणूस असला पाहिजे. मी अजून तरी आहे.

मधलं बोट: राणीच्या शांततेत. म्हणजे युद्धात शत्रूला मारलं तर खून नव्हे. इथे युद्ध नाही. राणीही नाही, पण गावाच्या नावात विंडसर आहे, तेवढी राणी मला चालेल.

तर्जनी: एक वर्ष आणि एक दिवस. ज्या दिवशी इजा केली तिथून एवढ्या मुदतीत माणूस मेला पाहिजे. त्यानंतर मेला तर कायदा म्हणतो, तो दुसऱ्या कशाने मेला असेल. जुना नियम आहे, पण इंग्लंडात अजून जिवंत आहे. डबी सुरू झाली एक डिसेंबरला. म्हणजे या एक डिसेंबरच्या आत मेलो तर तर्जनी मिटते. गंमत बघ, गेल्या मंगळवारी ती खाली देवानंदला म्हणत होती, "निदान एक वर्ष तरी बघू. मग त्यांच्या रूमचं डिसाइड करू." तो म्हणाला, "बाबांना आत्ता सांगू नकोस." मी जिन्यात उभा होतो. एक वर्षच का, सांग.

तू म्हणशील, तिने हे का करावं? सगळे आधी हेच विचारतात. माझे विद्यार्थीही विचारायचे आणि मी त्यांना बाकावर उभं करायचो. हेतू आणि उद्देश यांत फरक आहे. का मारलं हा हेतू, तो कायदा विचारत नाही. मारायचं होतं का, हा उद्देश. दयेने मारलं, प्रेमाने मारलं, खोली रिकामी हवी म्हणून मारलं, कायद्याला सारखंच.

आता राहिला अंगठा. मॅलिस अफोरथॉट. नावात द्वेष आहे आणि आधीचा विचार आहे, प्रत्यक्षात दोन्हींची गरज नाही. जीव घ्यायचा किंवा निदान जबर इजा करायची, एवढा उद्देश सिद्ध झाला की पुरे. पण तोच सगळ्यात अवघड, कारण माणसाच्या डोक्यात शिरता येत नाही. लंडनच्या लॉर्ड्सनी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, गेल्याच वर्षी पुन्हा सांगितलं की परिणाम आधी दिसत होता एवढ्याने उद्देश ठरत नाही, तो फक्त उद्देशाचा पुरावा. हा निकाल ज्या अंकात आला तो अंक मला कुणी आणून दिला? विनीताने. प्रिन्स्टनच्या लायब्ररीतून मागवून. "बाबा, तुमच्या सब्जेक्टचं आहे," म्हणाली. एक तर ती फार धीट आहे, नाही तर मला मूर्ख समजते.

तब्येत बरी नाही. जिना चढताना दोनदा थांबतो. मी आपली श्रीरामची गोळी चालू ठेवली आहे, उतारा म्हणून. तिच्या एका पिवळ्या गोळीला माझी एक पांढरी.

तुझा,
शंकरराव


वेस्ट विंडसर
२० एप्रिल १९८६

रेखा,

तुझी चिठ्ठी मिळाली. साडेसात वर्षांनी दोन ओळी. 'पत्रं ठेवली आहेत. आईला मात्र अशी पत्रं लिहून ठेवायला कुणी साक्षीदार नव्हता.'

ठीक आहे. बोलायचंच तर बोलू.

तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तू मला म्हणालीस, "बाबा, तुम्ही आईला मारलंत." दीड महिना तिला धाप लागत होती, पाय सुजले होते, आणि मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही, हा तुझा आरोप. मी परीक्षेचे पेपर तपासत होतो, हेही तू सर्वांसमोर सांगितलंस. तू वीस वर्षांची होतीस. मी तुझ्यावर ओरडलो नाही. मी हात वर केला आणि तुला पाच बोटं समजावली. तुझी आई, रत्ना, जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता, आणि मी तुला सांगितलं की करंगळीच मिटत नाही, कारण मी काहीच केलेलं नाही, आणि काही न करणं म्हणजे खून नव्हे. अंगठा तर दूरच, मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं. तू माझ्या हाताकडे पाहत होतीस. मग उठून मावशीकडे गेलीस ती परत आली नाहीस.

तो तास मी तुला द्यायला नको होता, एवढं मी कबूल करतो. कायदा चुकीचा सांगितला, हे कबूल करत नाही.

आता इथलं. काल शनिवारी बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम झाला. जयंती सोमवारीच होऊन गेली, पण इथे सगळं शनिवारवर ढकलतात. एका शाळेचा हॉल घेतला होता, पन्नासेक माणसं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. निदान तसं मला सांगण्यात आलं. मला अख्खा हॉल पिवळा दिसत होता, साड्या, सदरे, टेबलावरचा कपडा सुद्धा. वंदनेला उभा राहिलो आणि खुर्ची धरून खाली बसलो. विनीता धावत आली आणि सर्वांसमोर माझं मनगट धरलं. "बाबा, पल्स खूप स्लो आहे. आपण घरी जाऊ या." मी हात झटकला. लोकांनी पाहिलं. बघू दे, साक्षीदार वाढले.

आणि पुरावा मिळाला. तिची एक छोटी निळी वही आहे, स्वयंपाकघरात फोनशेजारी. ती कामावर गेल्यावर मी उघडली. इंग्रजीत, तारखेवार: ठोके बावन्न. ठोके अठ्ठेचाळीस. अर्धी पोळी, उलटी. शर्ट पिवळा म्हणतात. ठोके चव्वेचाळीस. पुढेही काही होतं, ते महत्त्वाचं नाही. रोज माझा ऱ्हास लिहून ठेवते ही बाई. परिणाम तिला दिसतो आहे, वाढताना दिसतो आहे, तरी सकाळी आठला पिवळी गोळी चुकत नाही. अंगठा हलला, रेखा.

मी आता श्रीरामच्या गोळ्या रोज दोन घेतो. एकीने भागत नाही.

बाबा


हॉस्पिटलमधून
२८ एप्रिल १९८६

रेखा,

सिद्ध झालं.

परवा जिन्यावर पडलो. देवानंद घरी नव्हता. शुद्धीवर आलो तेव्हा विनीता गाडी चालवत होती आणि एका हाताने माझा खांदा दाबून धरत होती, मी पुढे कलंडू नये म्हणून. ठोके छत्तीसवर आले होते. इथे छातीला तारा लावल्या आहेत.

त्याच डॉक्टरीणबाई आल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. म्हणाल्या, "तुम्हाला सगळं पिवळं दिसतं का?" मी चमकलो. यांना कसं कळलं? विनीताने सांगितलं असणार, म्हणून मी आधी नाहीच म्हटलं. मग त्यांनी माझ्या देखत देवानंदला आणि विनीताला सांगितलं की हृदयाचं जे औषध मला दिलं आहे, ते रक्तात हवं त्याच्या तिप्पट सापडलं आहे. ही नुसती डबीतली मात्रा नव्हे. कुणीतरी जास्त देतंय.

देवानंदने विनीताकडे पाहिलं. सहा वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नसेल. तो हळूच म्हणाला, "डबी तूच भरतेस ना?" ती म्हणाली, "हो. एकच टाकते. यू नो दॅट." ती बाहेर गेली.

मी डोळे मिटून पडलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. आयुष्यभर वर्गात खटले चालवले, खरा हा पहिलाच, आणि आरोपी सापळ्यात. आनंद झाला नाही, हे लिहून ठेवतो.

तू विचारशील, तुमच्या पुड्यांचं काय? त्यांचा इथे काही संबंध नाही. त्या गोळ्या पांढऱ्या, इथली पिवळी. दिसायलाच वेगळ्या आहेत. म्हणून डॉक्टरांना सांगितल्या नाहीत.

हे पत्र नर्सकडून टपालात टाकतोय. काही झालं तर काय करायचं ते तुला माहीत आहे.

बाबा


वेस्ट विंडसर
११ मे १९८६

रेखा,

मी मेलो नाही. मागचं पत्र घेऊन तू कुठे गेली नसशील, अशी आशा करतो. आधीची चारही पत्रं ठेव, फाडू नकोस. पण ती विनीताविरुद्ध वापरू नकोस. ती कुणाविरुद्ध आहेत ते सांगतो, सावकाश, कारण मला अजून धाप लागते.

मागचं पत्र लिहिलं त्याच दिवशी संध्याकाळी विनीता एकटी हॉस्पिटलात परत आली. हातात माझा पत्र्याचा डबा. नवऱ्याने तसं पाहिल्यावर ती घरी गेली होती आणि माझी खोली चाळून काढली होती. डबा माझ्या पांघरुणावर ठेवला, उघडला, नोट्स बाजूला केल्या. खाली पुड्या. उरलेल्या नऊ.

म्हणाली, "बाबा, या माझ्या नाहीत."

मी नोट्स गोळा करू लागलो.

"देवानंदला मी अजून सांगितलं नाही. डॉक्टरांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

एवढंच. तिने पुड्या थेट डॉक्टरांच्या टेबलावर आपटल्या असत्या तर ती दोन मिनिटांत सुटली असती. वकील असतो तर मी तिला तोच सल्ला दिला असता. ती खुर्ची ओढून बसून राहिली. मी बेल वाजवली आणि सांगितलं.

गोळ्या तपासल्या. तेच औषध, रेखा. नागपूरची पांढरी आणि इथली पिवळी, दोन्ही तेच, आणि नागपूरची इथल्या गोळीच्या दुप्पट ताकदीची. थोडं घेतलं तर हृदय सावरतं, जास्त झालं तर हृदय मंद करत नेतं. मी तिच्या विषावर उतारा म्हणून तेच घेत होतो, आणि जितकं बिघडत गेलं तितकं वाढवत गेलो.

विनीताची वही. मी तुला लिहिलं होतं, पुढेही काही होतं, महत्त्वाचं नाही. प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ होती, 'डॉक्टरांना विचारणे'. मी ती वाचली होती आणि तुझ्यापासून लपवली. डॉक्टरांना तिने दोनदा फोन केला होता, पुढची भेट सत्तावीस एप्रिलच्या आठवड्यात ठरली होती. आणि ते वर्षभराचं: जिना मला झेपत नाही म्हणून खालची बैठक मोडून मला तिथे खोली करून द्यायची, पण मी इथे राहतो की परत जातो ते वर्षभर बघू, असं दोघांचं चाललं होतं. मी तिच्यासमोर त्या पत्रांची कबुली दिली. तिने विचारलं, "रेखाताईंना लिहिलं? सगळं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आता नवीन लिहा त्यांना. लवकर." घरी आल्यावर पहिल्याच सकाळी आठला तिने डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी हातावर ठेवली आणि म्हणाली, "आ करा, बाबा. जीभ वर. आता मी ट्रस्ट करत नाही तुम्हाला." आणि हसली. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

हा खटला संपला. दुसरा राहिला आहे.

डॉक्टरीणबाईंनी गोळी ओळखल्यावर मला नीट समजावलं. हे औषध अंगात साठलं की आधी भूक जाते. मग मळमळ. मग पांढऱ्या वस्तू पिवळ्या दिसू लागतात. त्यांनी विचारलं, या पुडीतल्या गोळ्या तुमच्या घरात आणखी कुणी घेतल्या होत्या का? मी म्हटलं, नाही.

ते खोटं आहे. मी ते डॉक्टरांना अजून खरं सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतो.

सप्टेंबर अठ्ठ्याहत्तरमध्ये रत्ना म्हणाली, दम लागतो, डॉक्टरकडे जाऊ या. माझ्यापुढे विद्यापीठाचे चारशे पेपर होते. मी म्हटलं, तुझंही हृदय, माझंही हृदय, औषध काय वेगळं असणार, आणि माझ्या पुडीतली एक गोळी तिला दिली. दोन दिवस तिला बरं वाटलं. मग रोज एक द्यायला लागलो. श्रीरामला निरोप पाठवला, साहेबांच्या गोळ्या संपल्या. त्याने दिल्या, तो मला ओळखत होता. दसरा जवळ आला तसा तिचा दम वाढला, आणि मी रोज दोन केल्या. कोणत्याही डॉक्टरने तिला पाहिलं नाही. ती जेवत नव्हती, त्याला मी नखरे म्हटलं.

तू मला म्हणालीस, तुम्ही काहीच केलं नाहीत. आणि मी ते दोन्ही हातांनी उचललं. हो, म्हटलं, काहीच केलं नाही, आणि करंगळी ताठ उभी करून तुझ्या नाकासमोर धरली. तू चुकीचा आरोप केला होतास आणि त्याने माझी सुटका झाली. मी केलं होतं. रोज सकाळी, स्वतःच्या हाताने. विनीताबद्दल हेच शब्द मी तुला लिहिले, तेव्हा ते माझ्या हाताला कसे आले, ते आता कळतं. आणि नसतं केलं तरी मी परका नव्हतो. नवऱ्यावर बायकोची जबाबदारी असते, तिथे काठावर बसून बघणं हाही गुन्हाच धरतात. तेही त्या दिवशी गाळलं.

आता बोटं नीट मिटतो. करंगळी मिटली. अनामिका मिटली, तिच्याबद्दल काय लिहू. मधलं मिटलं. तर्जनी मिटली, वर्ष कशाला, दीड महिना पुरला. अंगठा मिटत नाही. मला तिला मारायचं नव्हतं, इजा करायची नव्हती, मला फक्त पेपर तपासायचे होते. म्हणून खून नाही. हे मी तेव्हाही खरं बोललो होतो.

पण पत्र्याच्या डब्यातल्या त्या नोट्समध्ये खुनाच्या पानानंतर दुसरं पान आहे. वर शीर्षक आहे, मॅनस्लॉटर. अंगठा उभा राहिला, उद्देश नव्हता, पण माणूस दुसऱ्याच्या जिवाबद्दल इतका बेपर्वा वागला की कायदा त्याला नुसती चूक म्हणू शकत नाही, अशी प्रकरणं त्या पानावर येतात. सदोष मनुष्यवध म्हण. वर्गात मी दर वर्षी ते पान शिकवलं. तुझ्यासमोर ते उलटलं नाही. मला माहीत होतं की पुढे काय लिहिलं आहे.

ते पान मी या पत्रासोबत जोडलं आहे, माझ्याच अक्षरातलं, लंडन १९५३. एक पुडीही आहे, विनीता आणि डॉक्टर यांची परवानगी घेऊन. गोळ्या काढून टाकल्या आहेत, कागद तेवढा आहे. 'साहेब, सकाळी १'. तुला ज्याला दाखवायचं त्याला दाखव. पोलिसांना दे, मावशीला दे, मी नाकारणार नाही. देवानंदला मी काल सांगितलं. तो बागेत जाऊन उभा राहिला आणि जेवायलाही आत आला नाही. विनीताने त्याचं ताट बाहेर नेलं. माझंही वाढलं.

माफी मागत नाही. ती मागायची असेल तर समोर येऊन मागावी, आणि डॉक्टर म्हणतात, ऑगस्टपर्यंत विमानात बसायचं नाही. ऑगस्टात येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

एक गोष्ट मात्र ऑगस्टपर्यंत थांबू शकत नाही, म्हणून घाईने लिहिलं. त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायच्या आधी आई तुला साडीवरून बोलली. पांढरी साडी पिवळी पाडलीस, कशात घातलीस, एवढंही जमत नाही का तुला, असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तू ती पुन्हा धुतलीस. तिसऱ्यांदा धुतलीस. ओलीच दाखवायला आणलीस, तरी ती पिवळीच म्हणाली आणि दुसरी नेसून गेली. चार दिवसांनी ती वारली. त्या चार दिवसांत ती तुझ्याशी नीट बोलली नाही, हे मला माहीत आहे. मी तिथेच पेपर घेऊन बसलो होतो आणि मी त्या साडीकडे पाहिलं होतं.

साडी पांढरीच होती, रेखा. तू नीट धुतली होतीस.

तुझा बाबा